झिजलेल्याचं माप

नाशिकच्या अंबडला, सुटे भाग कापून देणाऱ्या आमच्या शेडवर काम घेऊन येणारा माणूस सहसा रिकाम्या हातानेच येतो. ड्रॉइंग आधीच व्हॉट्सॲपवर आलेलं असतं. त्यावर मटेरियल, टॉलरन्स, नगसंख्या सगळं छापलेलं. बोलायचं उरतं ते भाव आणि तारीख एवढंच. त्यामुळे थंडीतल्या एका दुपारी एका गृहस्थांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा काढून माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा मला वाटलं, मळ्यातले पेरू वगैरे आणले असतील. पण टेबलावर टेकताना आवाज झाला तो धातूचा. कागद उलगडला. आत एक जाड कडी, तेलाने काळी पडलेली; जिथे कागद घासला होता तिथून लालसर पिवळा रंग डोकावत होता. आतून एका अंगाला अगदी गुळगुळीत, दुसऱ्या अंगाला अजून स्क्रेपरच्या खुणा. "असाच एक बनवून हवा," ते म्हणाले. मी विचारलं, "किती नग?" "एक." "ड्रॉइंग?" "नाही." "आहे कशाचा?" ते जरा अडखळले. "इंजिनाचा. वाफेच्या."

बरोबर आलेले एक काका स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती. हकिगत अशी निघाली की नगरच्या बाजूच्या एका बंद साखर कारखान्यात उसाच्या ट्रॉल्या ओढणारं, दोन फुटी रुळांवरचं एक इंजिन कित्येक वर्षं बाभळीत उभं होतं. या गृहस्थांनी आणि त्यांच्या दोनचार मित्रांनी ते भंगाराच्या भावात उचललं, शेतात थोडे रूळ टाकले, आणि आता ते चालवायचं म्हणतात. ती कडी म्हणजे बुश, इंजिनाच्या कपलिंग रॉडचा. चाकांना एकमेकांशी जोडणारा जो लांब दांडा चाकांबरोबर वरखाली होत फिरतो ना, त्याच्या डोळ्यात बसणारा; चाकाची पिन याच्या आतून जाते. मेकर प्लेट कुणीतरी केव्हाच काढून नेलेली. इंजिन कुणी बनवलं, कधी बनवलं, कुणालाच ठाऊक नाही.

एका नगाचं काम आमच्या धंद्यात कुणी आनंदाने घेत नाही. दोन तास सेटिंगमध्ये जातात आणि कटिंग दहा मिनिटांत आटोपतं. पाचशे नग असतील तर ते दोन तास पाचशेंवर वाटले जातात, एक असेल तर सगळे त्याच्याच डोक्यावर. फाउंड्रीवाला एका बुशसाठी भट्टी लावत नाही. त्याला किलोच्या हिशेबात बोलावं लागतं. मी नाही म्हणणारच होते. पण ती कडी टेबलावर ठेवून ते गेले आणि मी सवयीने व्हर्निअर हातात घेतला. तिथे अडकले.

झिजलेली वस्तू मोजणं हे वेगळंच काम आहे. नवी वस्तू मोजली की ती किती आहे ते कळतं. झिजलेली मोजली की ती आज किती आहे एवढंच कळतं. मुळात किती होती हे दुसरीकडून शोधावं लागतं. आतला बोअर, म्हणजे भोक, गोल राहिलेलाच नव्हता. ज्या दिशेने दांडा ओढतो आणि ढकलतो, त्या दिशेने ५२ मिलिमीटरच्या वर. आडव्या दिशेने ५१ च्या आसपास. यातलं खरं कुठलं? एकही नाही. मग बाहेरचा व्यास घेतला, कारण बाहेरची बाजू रॉडच्या डोळ्यात दाबून बसवलेली असते, ती घासत नाही. व्हर्निअरवर आलं ७६.२. मला हसू फुटलं. मिलिमीटरमध्ये विचार करणारा माणूस असलं माप कधी ठरवणार नाही. तो ७५ ठरवेल, ८० ठरवेल. ७६.२ म्हणजे बरोब्बर तीन इंच. आणि आतला ५१ म्हणजे दोन इंची पिन, वर थोडी मोकळीक. पुड्यात तेलाच्या वाटीचं एक छोटं झाकणही होतं. त्याच्या आट्यांवर आमचा नेहमीचा गेज बसेना. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा, जुन्या इंग्लिश व्हिटवर्थचा ५५ चा. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी तो गेज होता. पात्यांमागून पाती लावत गेले आणि एक पातं फटीतून उजेडही न दिसता बसलं. म्हणजे बाई इंग्लंडची. मेकर प्लेट नसली तरी एवढं तिने सांगितलं.

संध्याकाळी मी त्या गृहस्थांना फोन करून 'घेते' म्हणाले. भाव सांगितला नाही, कारण मलाच माहीत नव्हता.

नाशिकला रेल्वेचे हात घराघरात सापडतात. एकलहऱ्याच्या कारखान्यात विजेच्या इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटारी दुरुस्त होतात, मनमाडच्या कारखान्यात पुलांचे गर्डर बनतात, आणि इगतपुरीबद्दल तर बोलायलाच नको. माझे आजोबा इगतपुरीला शेडमध्ये होते, खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. मुंबईकडून घाट चढून विजेचं इंजिन यायचं, इगतपुरीला ते सुटायचं, आणि भुसावळकडे पुढे वाफेचं इंजिन लागायचं. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत हेच. आजोबांच्या गोष्टींत त्यामुळे दोन्ही जाती असत. त्यांना स्वतःला वाफेचं कौतुक नव्हतं. शेडमधला धूर, थंडीत हाताला चिकटणारं लोखंड, फायरबॉक्समध्ये अर्धं अंग घालून केलेली कामं, यांत कौतुक करण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. वाफेच्या इंजिनावर जीव टाकणारी माणसं त्यांना कधी भेटलीच नाहीत, आणि भेटली असती तर त्यांनी त्यांच्या हातात राखेचं फावडं दिलं असतं.

त्यांचा जीव होता तो खेकड्यावर. कसाऱ्याहून इगतपुरीला चढायचं म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तो घाट; १८६५ पासून गाड्या तिथे चढतायत आणि आजही मागून ढकलणारं जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावल्याशिवाय जड गाडी चढत नाही. या घाटासाठी १९२८ पासून विजेची खास इंजिनं आली. एकूण ४१. पहिली काही स्वित्झर्लंडमध्ये बनलेली, बाकीची इंग्लंडमध्ये. शरीर तीन भागांत, वळणावर अंग मुडपून जायची. चालताना डुलायची आणि कण्हायची. म्हणून खेकडा. गंमत म्हणजे विजेची असूनही त्यांची चाकं दांड्यांनीच जोडलेली होती. वर मोटारी, खाली वाफेच्या इंजिनासारखे कपलिंग रॉड. उताराला मोटारी उलटं काम करून वीज परत तारेत टाकायच्या. आजोबा सांगायचे, घाट उतरणारा खेकडा चढणाऱ्याला हात देतो. मुंबईला सीएसएमटीपाशी एक खेकडा रंगवून उभा केला आहे. बाबा मला लहानपणी खेकड्याच्या गोष्टी आजोबांच्या आवाजात सांगायचे, कण्हण्यासकट. तो उभा केलेला खेकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळ्यात आधी रॉडच्या बुशकडे वाकून पाहिलं. त्यावर रंगाचा थर होता. तेलाच्या भोकातही रंग.

ही एक गोष्ट मला नेहमी खटकते. चौथऱ्यावर ठेवलेलं इंजिन म्हणजे जपलेलं इंजिन, असं आपण धरून चालतो. काळा ऑइलपेंट, बफरला लाल, हँडलला पिवळा किंवा चंदेरी. दर काही वर्षांनी कुणी साहेब येणार असले की पुन्हा एक हात. गंज आतून चालूच असतो. बाहेरचा रंग त्याला दिसू देत नाही, एवढंच. न चालणाऱ्या यंत्राची झीज थांबत नाही, तिचं स्वरूप बदलतं. चालणारं यंत्र ठरलेल्या जागी झिजतं, जिथे ती झीज सोसायलाच बुश ठेवलेला असतो. उभं राहिलेलं कुठेही कुजतं: नळ्यांच्या बुडाशी, रिव्हेटच्या डोक्याखाली, टाकीच्या तळाला. अर्थात चालवलं तर मूळ वस्तू कणाकणाने संपत जाते, हेही तितकंच खरं. माझ्या टेबलावरच्या त्या कडीचा जो एक-सव्वा मिलिमीटर गेला, तो उसाच्या ट्रॉल्या ओढताना गेला. तो कुठल्याही संग्रहालयाला परत आणता येणार नाही.

पिन मोजायला मी नगरकडे गेले. हे टाळता येत नव्हतं, कारण बुश कशावर बसणार ते बघितल्याशिवाय बोअर किती करायचा हे ठरवता येत नाही. इंजिन एका कांदाचाळीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये होतं. बुटकं, जाड चिमणीचं, दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या. अंगावरचे पत्रे काढून ठेवलेले, बॉयलर उघडा. कोळशाचा वास येईल असं वाटलं होतं. आला तो कांद्याचा आणि रॉकेलचा. एक पोरगा नळ्यांत ब्रश घालत होता. बॉयलरची टेस्ट नुकतीच झालेली. ती वाफेवर आधी करत नाहीत. गच्च पाणी भरतात आणि पंपाने दाब चढवतात, कामाच्या दाबाच्या वर. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कुठे फुटलंच तर पाझरतं आणि दाब लगेच पडतो; वाफ असती तर शेड उडाली असती. मग कुठे वाफेवर. फायरबॉक्सच्या छताला शिसं भरलेला एक प्लग असतो. पाण्याची पातळी छताच्या खाली गेली तर शिसं वितळतं आणि वरची वाफ आगीवर सुटते. बॉयलर वाचावा म्हणून बसवलेला हा एक छोटासा दुबळा भाग. काकांनी तो मला बोटाने दाखवला. त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले.

काका कुर्डुवाडीचे. बार्शी लाइट या छोट्या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेलं. त्यांच्या बोलण्यात ती रेल्वे उभारणारा कॅलथ्रॉपसाहेब असा येतो, जसा काही परवाच बदली होऊन गेलाय. १८९७ सालचा तो माणूस, अडीच फुटी रुळांवर गाडी चालवली, आणि इंजिन असो की वाघीण, एकाही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ दिला नाही, म्हणून हलक्या रुळावर गाडी निभावली. काका हे सांगताना पाच बोटं दाखवतात. त्यांनी पिन आधीच साफ करून ठेवली होती. मी मायक्रोमीटर लावला. चार जागी घेतलं. पिनही झिजलेली, मूळ दोन इंचांहून जवळपास अर्धा मिलिमीटर बारीक, आणि किंचित अंडाकार. तो अंडाकारपणा काकांनी पुढच्या दोन दिवसांत कानस आणि एमरी पट्टीने काढला, हाताने, उंचवटे दाखवणारा निळा रंग लावून लावून. मला तोवर वाटत होतं की आपण मूळ माप शोधून काढलंय, ते घालून बुश बनवायचा. तसा बनवला असता तर तो पिनवर खुळखुळला असता. इंग्लंडमधल्या त्या कारागिराने काय ठरवलं होतं याला आज पिन विचारत नाही. तिला आजच्या तिच्या अंगाला बसेल तो बुश हवा.

बाहेरून तीन इंच. आतून आजचं माप. एकाच कडीत दोन काळ, असं लिहायचा मोह होतो. पण काकांना हे ऐकवलं असतं तर ते म्हणाले असते, ताई, आधी तेलाची खाच काढून घ्या.

आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, बसणारा पोरगा हुशार आहे. त्याला म्हटलं, पिन आणि बुशमधला क्लिअरन्स इतका ठेव. त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, एवढा? एवढा तर बैलगाडीत ठेवतात." त्याचं चुकत नव्हतं. आम्ही रोज मायक्रॉनमध्ये भांडणारी माणसं. पुण्याच्या आणि चाकणच्या कंपन्या मिलिमीटरचा एक शतांश इकडेतिकडे झाला की लॉट परत पाठवतात. काकांना फोन लावून दिला. ते स्पीकरवर म्हणाले, "लई घट्ट नगा करू. रूळ कुठं सरळ हायेत? एक चाक वर, एक खाली. दांड्याला हलायला जागा पायजेल. न्हाय तर दांडा वाकंल, न्हाय तर पिन तापंल." चाकांच्या पेट्या स्प्रिंगवर वरखाली होत असतात, दांड्याला ते सगळं सोसायचं असतं, ती ढिलाई हे त्याचं ड्रॉइंगच आहे. पोरग्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, सीएनसी नको, जुन्या लेथवरच घेऊ, हाताला कळेल. बाबांची ती लेथ शेडच्या कोपऱ्यात आहे, एरवी तिच्यावर आम्ही डबे ठेवतो.

धातूचं मात्र माझ्याकडून थोडं लाडाने झालं. गनमेटलचा होलो बार बाजारात मिळतो: तांबं ८५, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५. शिशामुळे तेल कमी पडलं तरी बुश लगेच पिन खात नाही. पिनपेक्षा बुश मऊ हवा, झिजायचं ते त्याने झिजावं. कठीण ॲल्युमिनिअम ब्राँझ घेतलं असतं तर बुश टिकला असता आणि पिन गेली असती. पिन चाकात दाबून बसवलेली. ती काढायची तर पुन्हा मोठं रामायण. लेथवर पहिला कट घेतला तेव्हा बारीक, ठिसूळ, सोनेरी चुरा उडाला. पोरग्याने मोबाईलवर व्हिडिओ काढला. भांडी बाजारातल्या घासून लख्ख केलेल्या तपेल्यांचा रंग तो. शेडमध्ये आम्ही स्टील आणि ॲल्युमिनिअम कापतो, हा रंग कधी बघायलाच मिळत नाही.

हे सगळं चालू असताना माझ्या मनात दुसरीच एक गाडी फिरत होती. माझं आजोळ शेंदुर्णीचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकरोडहून पाचोऱ्याला जायचं आणि तिथे पीजे पकडायची. पाचोरा ते जामनेर, छप्पन्न किलोमीटर. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर. प्रत्येक छोट्या गाडीबद्दल एक दंतकथा असते, की चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढता यायचं. पीजेबद्दलही आहे, मी तसं करताना कुणाला पाहिलं नाही. मी पाहिलं ते असं: दुधाच्या बरण्या, कापसाची गाठोडी, पाचोऱ्याला डॉक्टरकडे निघालेली गरोदर बाई आणि तिच्या शेजारी उभी राहून तिला धक्का लागू न देणारी सासू, दप्तरं खिडकीतून आत टाकून जागा धरणारी पोरं. तिकीट इतकं कमी की एसटीला ज्यांना परवडायचं नाही ते पीजेला. गाडी भरलेली असायची आणि तोट्यात असायची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली ती पुन्हा आली नाही.

तिला कुणी वारसा म्हणालं नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, काही लोक म्हणाले. पण माथेरानच्या गाडीला जे मिळतं ते तिला मिळालं नाही. माथेरानचा मला हेवा नाही. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पैसा घालून १९०७ साली ती लाइन पूर्ण केली, वीस फुटांना एक फूट चढ, आणि एवढ्या वळणांवरून जायला जर्मनीहून अशी इंजिनं आणली की टोकाच्या चाकांचे आस पोकळ असून बाजूला सरकायचे. आपल्या खेकड्याने अंग मुडपलं, त्यांनी आसच मुडपले. पूर्वी उताराला प्रत्येक डब्यावर ब्रेक धरायला माणूस असायचा, इंजिनाच्या शिट्टीवर हँडब्रेक आवळायचा आणि सोडायचा. आता एअर ब्रेक आहेत. २०१९ च्या पावसाने रूळ जागोजागी वाहून गेले, तेव्हा मला खात्री होती की हीही गेली. पण तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, ती नेरळहून पुन्हा निघाली. दगड फोडून, भिंती बांधून, पैसे ओतून. का? कारण तिच्यात बसणाऱ्याला कुठे पोचायची घाई नसते. पीजेत बसणाऱ्याला असायची. गरज असते तोवर जुनी गाडी म्हणजे अडचण, आणि गरज संपली की वारसा, असा काहीसा हिशेब आहे आपला. मला तो पटत नाही, पण याहून बरा हिशेब मला मांडताही येत नाही. तीच पीजे पर्यटकांसाठी ठेवायची म्हटली तर तिकीट वाढवावं लागेल, आणि मग ती गरोदर बाई पुन्हा गाडीबाहेरच.

नेरळला मध्यंतरी गेले होते तेव्हा डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा चेहरा लावलेला पाहिला. पत्र्याची चिमणी, पत्र्याचा गोल बॉयलर. मला चीड आली. शेजारी एक तीन-चार वर्षांची मुलगी होती, ती टाळ्या पिटत होती. तिच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पण मुखवट्यात कुणालाही नळी साफ करावी लागत नाही, प्लगचं शिसं बघावं लागत नाही. निलगिरीच्या गाडीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात जुन्याच आराखड्यावर नवीन वाफेची इंजिनं बनवली, ती मला यापेक्षा जास्त खरी वाटतात, वयाने कोवळी असली तरी. तिथे कुणीतरी पुन्हा सिलिंडर ओतलाय, पुन्हा रिंगा बसवल्यात, काहीतरी तापलं म्हणून पुन्हा काढलंय. ते हात तयार झाले.

आणि नाशिकची स्वतःची ट्राम? १८८९ मध्ये सुरू झालेली, नाशिकरोड स्टेशनपासून गावातल्या मेनरोडपर्यंत, आधी घोडे ओढायचे, नंतर पेट्रोलचं इंजिन आलं. दुष्काळ, प्लेग, तोटा. १९३० नंतर थोड्याच वर्षांत बंद. मेनरोडवर आज चालायला जागा नाही, तिथून रूळ जात होते हे सांगितलं तर दुकानदार आपल्याकडे बघतात. तिचं एक चाक, एक आस, एखादा बुश कुठे पाहायला मिळेल म्हणून मी बरंच विचारलं. फोटो मिळतात. फोटोवरून व्हिटवर्थचा आटा कळत नाही.

बुश बसला. रॉडच्या डोळ्यात तो दाबताना काकांनी हातोडा लावू दिला नाही. लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन हळूहळू ओढून घेतला. मग पिनवर रॉड चढवून त्यांनी हाताने हलवून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि काही न बोलता तंबाखू मळायला घेतली. मी घरी येऊन एक काम केलं जे आमच्या बिलात कुठे दाखवता येत नाही. त्या बुशचं ड्रॉइंग काढलं. एका रकान्यात मूळ माप, इंचात. शेजारच्या रकान्यात आज घातलेलं माप आणि तारीख. त्याच्यापुढे आणखी रकाने रिकामे. पुढचा बुश बनवणाऱ्याला पिन पुन्हा मोजावी लागेलच, ते चुकणार नाही, पण निदान ती किती झपाट्याने जातेय हे कळेल. त्या गृहस्थांना पाठवलं तेव्हा त्यांनी उलट विचारलं, मॅडम, बाकीच्या पार्टचीही काढाल का? बॉयलरला पाणी देणाऱ्या इंजेक्टरचे आतले शंकू, ब्रेक ब्लॉक, स्प्रिंगचे हँगर. मी हो म्हटलंय. पैसे काय घ्यायचे ते अजून ठरलेलं नाही. नवऱ्याच्या मते कधी ठरणारही नाही.

परवा शेंदुर्णीहून मामीचा फोन आला. मी उत्साहाने बुशची सगळी कथा सांगितली. तिने ऐकून घेतलं.

"मंग चालीन का ते इंजन?"

"चालेल. पुढच्या थंडीपर्यंत."

"जाईन कुठी?"

"शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि परत."

"आन् बसन कोन?"

"शाळेच्या सहली, पाहुणे, हौशी लोक. तिकीट लावणार आहेत."

"आमची पीजे तं पाचोऱ्याले जाये," मामी म्हणाली. मी म्हटलं, तुला तिची आठवण येत नाही का. ती म्हणाली, आठवण काय यायची, उभं राहून राहून कंबर मोडायची. आता तिथे मोठी लाइन होतेय, आणि जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत जाणार आहे. तिची धाकटी बहीण बोदवडला असते. मातीचं काम कुठवर आलंय, कुणाच्या शेताचे किती पैसे मिळाले, पूल कुठे होतोय, हे तिला इंजिनिअरहून जास्त ठाऊक आहे. शेवटी म्हणाली, "गाडी सुरू झाली का ये मंग. गाडीतच बस नाशकाहून."

"मामी, मोठी झाली तरी पाचोऱ्याला गाडी बदलावीच लागेल."

"तं बदल. आधी काय बदलत नव्हती?"